जाहिरात आदेश, आंतरजालीय

आंतरजालावरील एखाद्या प्रकाशनात जाहिरात प्रदर्शित करण्यासाठी जाहिरातदाराने अथवा त्याच्या वतीने जाहिरातसंस्थेने दिलेला व प्रकाशकाने स्वीकारलेला आदेश. जाहिरात कोणाची, कोणत्या पृष्ठावर, किती काळ वा किती वेळा दाखवावयाची आणि तिचा दर काय, हे त्यात नमूद असते. अशा आदेशांची नोंद, मंजुरी व अभिलेखन ही कामे आता बहुतांशी संगणक प्रणालींद्वारे केली जातात.

मुद्रित वृत्तपत्रांच्या व्यवहारात या आदेशास ‘रिलीज ऑर्डर’ किंवा नुसते ‘आर. ओ.’ म्हणतात. तो आल्यावर आकारमान (स्तंभ-सेंटिमीटर), दर व प्रसिद्धीची तारीख नोंदवहीत चढवून व्यवस्थापकाची सही घ्यावयाची, जाहिरात छापून आली की देयकासोबत त्या अंकाची ‘व्हाउचर कॉपी’ पाठवावयाची, अशी ही रीत. छापलेला अंक हाच तीत पुरावा होय. सातारा व सांगली या जिल्ह्यांना जाहिरातव्यवसायाची परंपरा जुनी आहे. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी येथून शं. वा. किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये सुरू केलेले किर्लोस्कर खबर हे मासिक मुळात कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविण्यासाठी निघाले होते. १९२९ मध्ये त्याचे नाव किर्लोस्कर असे झाले. या भागातील वृत्तपत्रांना सहकारी साखर कारखाने, नागरी बँका, शिक्षणसंस्था, सराफ, बी-बियाण्यांचे व्यापारी यांच्या जाहिराती मिळतात. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्याव्या लागत असल्याने त्यांच्या सूचनांची गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते.

आंतरजालावर या रीतीचा पायाच बदलतो. एकच पृष्ठ एकाच वेळी उघडणाऱ्या कराडच्या वाचकास एक व मिरजेच्या वाचकास दुसरी जाहिरात दिसू शकते. पृष्ठ पुन्हा उघडल्यास तिसरीच दिसते. त्यामुळे व्हाउचर कॉपी संभवत नाही. जाहिरात दाखविली गेली किंवा नाही हे केवळ प्रणालीतील नोंदीवरूनच सांगता येते. म्हणून मंजुरी आणि अभिलेखन या कार्यालयीन वाटणाऱ्या दोन क्रियांना येथे विशेष महत्त्व येते.

या कामासाठी प्रकाशक ‘जाहिरात सर्व्हर’ नावाची प्रणाली वापरतात. गूगलने २००८ मध्ये डबलक्लिक ही कंपनी घेतली. तिच्या प्रकाशकांसाठीच्या प्रणालीचे २०१८ पासूनचे नाव ‘गूगल ॲड मॅनेजर’ असे आहे. तीत एका आदेशाखाली अनेक बाबी असतात. प्रत्येक बाबीला जागा, आरंभ व समाप्तीची वेळ, प्रदर्शनांची संख्या व दर जोडलेले असतात. आदेश प्रथम मसुद्याच्या अवस्थेत असतो. नंतर तो मंजुरीसाठी सादर होतो आणि अधिकार असलेली व्यक्ती तो मंजूर किंवा नामंजूर करते. मंजुरीपूर्वी जाहिरात प्रदर्शित होत नाही. आदेश भरणारा आणि मंजूर करणारा या व्यक्ती वेगळ्या असाव्यात, असा संकेत आहे. परंतु जिल्हा पातळीवरील लहान कार्यालयात एकच कर्मचारी दोन्ही कामे एकाच परवलीच्या शब्दाने करू लागला, तर मंजुरी नावापुरतीच उरते.

मंजुरीचे महत्त्व निवडणुकीच्या काळात विशेष जाणवते. दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींचे पूर्वप्रमाणन सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशाने सुरू झाले. निवडणूक आयोगाने ते २०१३ मध्ये समाजमाध्यमांना लागू केले. हे काम जिल्ह्याची माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती करते. ई-पेपरमधील राजकीय जाहिरातीलाही प्रमाणपत्र लागते. छापील अंकातील जाहिरातीला मात्र मतदानाच्या व त्याच्या आदल्या दिवसापुरतेच लागते. तेव्हा एकच आदेश दोन ठिकाणी वेगळ्या अटींवर मंजूर करावा लागतो. सातारा व सांगली या लोकसभा मतदारसंघांत ७ मे २०२४ रोजी सायंकाळी सहापर्यंत मतदान होते. त्यापूर्वीच्या ४८ तासांची प्रचारबंदी ५ मे रोजी सायंकाळी सहास सुरू झाली. छापील जाहिरातीत केवळ तारीख पाहावी लागते. सर्व्हरवरील बाबीला मात्र तास व मिनिट द्यावे लागते, आणि प्रणालीचा कालविभाग भारतीय प्रमाणवेळेचा नसेल, तर हीच वेळ काही तास पुढे-मागे होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार उमेदवारास निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करावा लागत असल्याने आदेश व देयक यांचा मेळ नंतरही तपासला जातो.

अभिलेखन म्हणजे पुसून टाकणे नव्हे. काम संपलेला आदेश अभिलेखित केला की तो नित्याच्या यादीतून दिसेनासा होतो, पण शोधल्यास सापडतो व पूर्ववतही करता येतो. तथापि ही सोय यादी आटोपशीर ठेवण्यासाठी आहे. ती म्हणजे दप्तर नव्हे, आणि या दोहोंची गल्लत वारंवार होते. सविस्तर अहवाल प्रणालीत ठरावीक काळापुरतेच मिळतात. खाते बंद झाले तर तेही राहत नाहीत. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार मात्र हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. यासाठी मूळ आदेश, मंजूर करणाऱ्याचे नाव व वेळ, जाहिरातीचे अंतिम चित्र किंवा मजकूर आणि प्रदर्शनांचा अहवाल यांची प्रत प्रकाशकाने स्वतःकडे वेगळी ठेवणे इष्ट असते. राजकीय जाहिरातींपुरता एक सार्वजनिक संग्रहही आहे. मेटा कंपनीच्या जाहिरात-संग्रहात त्या सात वर्षे पाहता येतात.

न्यायालयात संगणकीय नोंद मांडताना केवळ छापील उतारा पुरत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, मूळ उपकरणच हजर केलेले नसल्यास अशा नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात त्या नोंदीचे ‘हॅश मूल्य’ही द्यावे लागते. संगणकीय नोंदीतील मजकुरावरून काढलेला हा अंक असून मजकुरात एका अक्षराचा फरक पडला तरी तो बदलतो. आदेश अभिलेखित करतानाच तो काढून नोंदवून ठेवला, तर नोंद पुढे बदललेली नाही हे दाखविणे सोपे जाते. [→ अभिलेखागार, जाहिरात, वृत्तपत्रे].