हेडफोनमधला संकासूर

गेल्या आषाढातली गोष्ट. रत्नागिरीत संध्याकाळपासून पाऊस कौलांवर नुसता कोसळत होता आणि नेहमीप्रमाणे वीज गेली होती. मेणबत्तीच्या उजेडात जेवणं उरकतोय, तेवढ्यात आतल्या खोलीतून एक आवाज आला. खोल, गुरगुरणारा, पोटातून ओढून काढल्यासारखा. माझी आई घास हातात तसाच धरून म्हणाली, "अरे, पोराला उलटी होतेय का बघ जरा."

उलटी नव्हती. मुंबईहून सुट्टीला आलेला मुलगा लॅपटॉपवर गाणी ऐकत होता. हेडफोनची वायर निसटली आणि गाणं घरभर झालं. आला तेव्हापासून तो घरात असून नसल्यासारखा होता. काळे कपडे, दिवसभर झोप, विचारलं तर "काही नाही." पोरगं भलत्या वाटेला तर लागलं नाही ना, ही धास्ती आम्ही नवराबायको एकमेकांपासून लपवत होतो.

मी रागवायलाच गेलो होतो. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, आधी ऐका, मग बोला." अल्बमचं नाव ऐकून मी चक्रावलो. नाव होतं 'दशावतार'!

'डेमॉनिक रिझरेक्शन' हा मुंबईचा वाद्यवृंद साहिल मखिजा या तरुणाने २००० साली उभा केला. २०१० साली 'मेटल हॅमर' या ब्रिटिश मासिकाने त्याचा सन्मान केला, आणि २०१७ साली हा अल्बम आला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. शब्द बहुतेक इंग्रजी, बाज एक्स्ट्रीम मेटलचा. म्हणजे भरडी, जड गिटार, दोन्ही पायांनी बडवलेला ढोल आणि मघाचा तो गुरगुराट. मध्येच मागून कीबोर्डचे धूसर सूर वर येतात, मिऱ्याच्या किनाऱ्यावर पावसाळी धुकं चढतं तसे.

पहिली दोन मिनिटं मला एकही शब्द कळला नाही. मग डोळे मिटले आणि एकदम संकासूर आठवला.

आमच्या गावच्या शिमग्यात संकासूर येई. काळा झगा, उंच निमुळती टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. ती घुंगरं लांबून वाजली की मी आईच्या पदरात शिरायचो, आणि तो पुढच्या घरी गेला की पदर सोडून त्याच्या मागे धावायचो. वेद पळवणारा, मत्स्यावतारात विष्णूच्या हातून मरणारा असुर तो. दक्षिणेकडच्या दशावतारी नाटकात तर तो मालवणीत टवाळी करत प्रवेश करतो. म्हणजे भीतीला वर्षातून एकदा अंगणात बोलवायचं, नाचवायचं, हातावर पैसे ठेवून पाठवून द्यायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. शिमग्याला भैरीची पालखी नाचते तेव्हाचे ढोल काय हळू असतात? आणि आपण ज्या बोंबा मारतो, त्या कुठल्या रागात बसतात?

या संगीताचा उगम इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा. 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. सुरुवातीलाच पाऊस, गडगडाट आणि लांबची घंटा. टोनी आयोमी हा त्यांचा गिटारवादक पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना त्याच्या दोन बोटांची टोकं तुटली होती. प्लॅस्टिकची टोपणं लावून तो वाजवू लागला, आणि पुढे बोटांना सोसावं म्हणून तारा खाली उतरवल्या. सूर आणखी जड झाला. पहिल्याच गाण्यातला झपाटणारा सूर म्हणजे षड्जावरून तीव्र मध्यमावर घेतलेली उडी. युरोपात या अंतराला सैतानाचं नाव चिकटलं. आपल्याकडे हाच मध्यम मारव्यात, पूरियात लागतो आणि आपण तिन्हीसांजेला हुरहुर लागली म्हणून मान डोलावतो.

अर्थात सगळंच निर्मळ आहे असं नाही. १९९२ साली नॉर्वेत याच संगीताच्या वर्तुळातल्या काहींनी लाकडी चर्च जाळली, पुढे काही वादक तुरुंगात गेले. मुलाने हे स्वतःहून सांगितलं, याचं मला बरं वाटलं. उलट २०१५ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी असं संगीत ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी मुद्दाम राग आणवला आणि मग त्यांतल्या काहींना त्यांची गाणी ऐकू दिली. राग भडकला नाही, निवला. एकोणचाळीस म्हणजे काही फार नव्हेत. पण माझ्या घरी होता एकच.

"तुला यात काय सापडतं?" मी विचारलं.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझे तीन विषय राहिलेत, बाबा. जानेवारीतच कळलं होतं. हॉस्टेलवर सगळे पुढे गेले. डोक्यात सारखा कुणीतरी ओरडत असायचा. हे लावलं की तो आवाज बाहेर यायचा, मग झोप लागायची."

सहा महिने! मेसचे पैसे पुरतात का, एवढंच मी दर रविवारी फोनवर विचारत होतो.

त्या रात्री ओरडायचं राहून गेलं. विषयांचं काय करायचं ते आम्ही दुसऱ्या दिवशी बोललो, आणि तेही काही गोडीगुलाबीने नव्हे. सहावं गाणं परशुरामाचं आहे म्हटल्यावर मात्र मी पुन्हा हेडफोन मागून घेतला. चिपळूणजवळच्या डोंगरावर त्याचं देऊळ, समुद्र हटवून आम्हाला जमीन देणारा तो. त्याचं ऐकायलाच हवं होतं. खरं सांगायचं तर सगळा अल्बम एका बैठकीत अजूनही मला झेपत नाही. कान थकतात.

आईलाही कुतूहल होतं. नातवाने तिच्या कानांवर हेडफोन चढवून नरसिंह लावला. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून पाच मिनिटं ऐकत होती. मग हेडफोन काढून म्हणाली, "ओरडतो तो बरोबरच आहे रे, खांब फोडून यायचंय त्याला. पण ढोलवाल्याला म्हणावं, जरा दमानं."