कळांची वाट कोण बघणार?

नऊ तारीख आली की हिंगोली जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची रांग लागते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झालं, तेव्हापासून दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टर स्वतः पोट तपासतात. आशाताई आपापल्या गावच्या बाया घेऊन येतात, कुणी जीपमधून, कुणी नवऱ्याच्या मोटरसायकलवर. वजन, बीपी, रक्त, लघवी. टेबलावरून उतरता उतरता बाई विचारते, "मॅडम, नॉर्मल होईल ना?" आणि दाराशी थांबलेले घरचे अलीकडे दुसरंच विचारतात, "सिझरची तारीख कोणती देता?"

तालुक्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात, परवानगी घेऊन, मी या तपासणीला आणि नंतर प्रसूती खोलीत बसले. पहिलटकरणीचा नववा महिना होता. डोकं खाली, बाळाचे ठोके चांगले, बीपी ठीक. सिझर करावं असं एकही कारण कार्डावर नव्हतं. नवऱ्यानं मात्र भटजींकडून दिवस काढून आणला होता, आणि त्या दिवशी तिचे ३७ आठवडे जेमतेम पूर्ण होत होते. डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली. कारण नसताना ३९ आठवड्यांआधी बाळ बाहेर काढलं तर त्याला श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, काचेच्या पेटीत ठेवावं लागतं, एवढं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, रात्री दोनला अडलं तर? इथं भूल द्यायला डॉक्टर असतेत का?"

त्याच्या या प्रश्नाला हसण्यासारखं काहीही नाही. सेनगाव किंवा औंढा तालुक्याच्या आतल्या गावातून आधी तालुका, तिथून हिंगोली, आणि तिथंही जमलं नाही तर नांदेडचं वैद्यकीय महाविद्यालय. हिंगोली ते नांदेड हाच रस्ता ८०-९० किलोमीटरचा. १०८ची गाडी येते, पण गाडीत ऑपरेशन होत नाही. तारीख ठरवून केलेल्या सिझरला भूलतज्ज्ञ हजर असतो, रक्ताची पिशवी आधी आणून ठेवलेली असते, दिवस असतो. लोक चाकू मागत नाहीत. ते खात्री मागतात, आणि त्यांना ती चाकूच्या रूपानंच मिळते.

सिझर वाढत असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडेही दाखवतात. २०१५-१६ साली महाराष्ट्रात शंभरातली २० बाळंतपणं सिझरनं झाली, २०१९-२१ मध्ये २५. देशभरात त्या वेळी सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं आणि खासगीत ४७. एवढं अंतर बायकांच्या अंगकाठीनं पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली स्पष्ट सांगितलं, की लोकसंख्येतलं सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्यानं आई किंवा बाळाचे मृत्यू आणखी कमी होत असल्याचं दिसत नाही. त्याच निवेदनात दुसरंही वाक्य आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं: टक्केवारी गाठण्याच्या मागे लागू नका, जिला गरज आहे तिला सिझर मिळालंच पाहिजे. पायाळू बाळ, आडवं बाळ, पिशवीच्या तोंडावर आलेली वार, कळांमध्ये मंदावणारे ठोके अशा वेळी नॉर्मलचा हट्ट धरणं हा गुन्हाच आहे.

बाकीच्यांसाठी मात्र वाट बघावी लागते. ते किती कष्टाचं काम आहे हे मला प्रसूती खोलीत कळलं. सिस्टरचा डावा हात बाईच्या पोटावर आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. पोट दगडासारखं घट्ट झालं की सेकंद मोजायचे, सैल पडलं की थांबायचं. दहा मिनिटांत कळा किती आल्या, प्रत्येक कळ किती टिकली. दर अर्ध्या तासानं डॉपलर लावून बाळाचे ठोके ऐकायचे. ११० ते १६०च्या आत हवेत. मग पार्टोग्राफच्या कागदावर नोंद. खाली तास, बाजूला सेंटीमीटर. पिशवीचं तोंड किती उघडलं त्याची फुली, डोकं किती उतरलं त्याचा गोल. कागदावर दोन तिरक्या रेषा छापलेल्या असतात, दोघींमध्ये चार तासांचं अंतर. फुली पहिली रेषा ओलांडून उजवीकडे गेली की जिथं ऑपरेशनची सोय नाही तिथून बाईला हलवायची तयारी करायची. दुसरी रेषा येईपर्यंत निर्णय झालेला हवा.

म्हणजे नुसतं बसून राहण्याला वाट बघणं म्हणत नाहीत. ज्या खोलीत हा कागद वेळच्या वेळी भरला जातो, तिथं नॉर्मलची वाट बघणं सुरक्षित असतं. जिथं बाळंतपण उरकल्यावर एका बैठकीत सगळ्या फुल्या मारल्या जातात, तिथं तो नवराच बरोबर ठरतो. त्या पाळीत सिस्टर एकच होती. कळा देणाऱ्या दोघी, आणि एका बाळंतिणीचं रक्त थांबतंय का तेही तिनंच बघायचं.

तपासणीला आलेल्या त्या पहिलटकरणीला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. सिस्टरनं पडद्याआड विचारलं, "तुला काय वाटतं गं?" ती म्हणाली, "कळा सोसंल मी. पण लई बोलतेत म्हणं आत, मारतेत बी. माझी माय संग असंल तर थांबते." २०१७ पासूनच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूती खोलीत सोबतीण असू द्यावी आणि बाईला मानानं वागवावं असं लिहिलेलंच आहे. इथल्या डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं. तारखेचा विषय तिथंच मिटला. नवऱ्याला नंबर दिला, कळा सुरू झाल्या की कोणत्या गाडीनं कुठं यायचं हे ठरवलं, आणि अडलंच तर वाटेत वेळ न घालवता थेट कुठं जायचं तेही.

तपासणीला आलेल्या दुसऱ्या एका बाईचं कोडं अवघड होतं. पहिलं सिझर, मुलगी चार वर्षांची. आता सासूला नॉर्मल हवं. "हळद शिजवायच्या टायमाला ही बसून राहिली तर कसं?" वसमतच्या बाजूला हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवणी म्हणजे उन्हाळ्यापर्यंत घरातल्या बाईच्या अंगावरचं काम, त्यामुळे सासूचा हिशेब खरा होता. सिझरनंतर नॉर्मल होतही असतं. योग्य बायका निवडल्या तर दहातल्या सातेक जणींचं होतं. पण कळांमध्ये जुना टाका उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो, आणि तो उसवला तर मिनिटांत ऑपरेशन लागतं. दुसरीकडे, प्रत्येक सिझरगणिक पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतून बसण्याची भीती वाढत जाते.

डॉक्टरांनी आधीच्या सिझरचा कागद मागितला. पिशवीवरचा छेद आडवा आणि खालच्या भागात होता की उभा, यावर सगळं ठरतं, आणि कातडीवरच्या व्रणावरून ते कळत नाही. जिथं सिझर झालं होतं तिथल्या डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनची तारीख होती, टाके काढायची तारीख होती, बिलाचा नंबर होता. सिझर का केलं आणि छेद कसा घेतला, याबद्दल एक ओळ नव्हती. बाईला एवढंच आठवत होतं: "पाणी कमी हाय म्हणले." चार वर्षांपूर्वी जी ओळ लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं, ती नसल्यानं आज तिची निवडच हातची गेली होती. मला याचा फार राग आला, अजून आहे.

डॉक्टरांनी सासूला जवळ बसवून सांगितलं, की छेद माहीत नसताना आणि रात्री ऑपरेशनची खात्री नसताना मी हिला कळा देऊ देणार नाही. ३९ आठवडे भरल्यावर जिल्हा रुग्णालयात ठरवून सिझर. सरकारी ठिकाणी २०११च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार ऑपरेशन, औषधं, रक्त सगळं मोफत, शिवाय सात दिवस जेवण. हिमोग्लोबिन ८च्या आसपास, म्हणून त्याआधी शिरेतून लोहाची इंजेक्शनं. सासूनं विचारलं, मग घागर कधी उचलायची? दीड-दोन महिने नाही, डॉक्टर म्हणाल्या, आणि यंदा शिजवणीला मजूर लावा.

सासू आशाताईशी लोहाच्या इंजेक्शनचे वार ठरवू लागली. सुनेनं कार्ड पुन्हा डॉक्टरांपुढे सरकवलं आणि म्हणाली, "आता सिझर केल्यावर आतला काप कसा घेतला ते ह्याच्यावर ल्ह्यायला सांगा त्यायला. मराठीत."