गावाचे विद्युतीकरण : व्याख्या आणि वास्तव

मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे सोडून १९२७ पासून मुंबईसाठी वीज निर्माण होऊ लागली. त्याच पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर तालुक्यांतील बहुतेक खेडी मात्र, नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकातच शिवारात पोहोचलेले असूनही, पुढे कित्येक दशके रॉकेलच्या कंदिलावरच राहिली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ मध्ये कोयनेची वीज मिळू लागली आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण महामंडळामार्फत तारा-खांबांसाठी कर्ज उपलब्ध झाले, तेव्हा या कामाला खरा वेग आला.

येथे 'विद्युतीकरण' या शब्दाचा सरकारी अर्थ ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली गेली, तरी ते गाव 'विद्युतीकृत' गणले जाई. म्हणजे मळ्यातील विहिरीवर एक मोटार बसली की गावठाणातील सारी घरे अंधारात असतानाही कागदोपत्री काम पुरे होत असे. ही व्याख्या ग्रामीण कुटुंबांवर अन्याय करणारीच होती. २००४ च्या नव्या व्याख्येत किमान १० टक्के घरांत, तसेच शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज असण्याची अट घालण्यात आली.

उजनी धरणाच्या फुगवट्यालगतच्या, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्याकाठच्या, इंदापूर तालुक्यातील गावांत ऊस आजही विजेच्या मोटारींनी उपसलेल्या पाण्यावर पिकतो.