संवादांच्या अलीकडची पटकथा

यवतमाळ जिल्ह्यातलं ढाणकी असो की मुंबईतलं दादर, सिनेमा पाहून बाहेर पडणारा मराठी प्रेक्षक दाद देतो ती संवादांना. नाटकावर पोसलेला आपला कान वाक्यावरच ठरतो, त्याला इलाज नाही. पण त्यामुळे श्रेयनामावलीतलं ‘कथा, पटकथा, संवाद’ आपण एका दमात वाचून टाकतो आणि मधल्या शब्दापाशी कुणी थांबत नाही. कोणती गोष्ट कुणाला, केव्हा कळावी आणि कुणापासून शेवटपर्यंत लपून राहावी, हे ठरवणं म्हणजे पटकथा. संवाद त्यानंतरचे.

याचा पुरावा विजय तेंडुलकरांच्या हिंदी पटकथांमध्ये सापडतो. ‘निशांत’ (1975) आणि ‘आक्रोश’ (1980) यांचे संवाद सत्यदेव दुबे यांचे, ‘मंथन’चे (1976) कैफी आझमींचे. म्हणजे पडद्यावर ऐकू येणारी वाक्यं तेंडुलकरांची नाहीतच. दिग्दर्शकही एक नाही, पहिला आणि तिसरा चित्रपट श्याम बेनेगलांचा, दुसरा गोविंद निहलानींचा. तरी सांगाडा एकच दिसतो: शिकलेला एक उपरा माणूस येतो, आणि जे सगळ्या गावाला ठाऊक आहे पण कुणी बोलत नाही, त्यावर जाऊन आदळतो. कधी तो शाळामास्तर असतो, कधी दूधसंघ उभारायला आलेला डॉक्टर, कधी मौन धरलेल्या आरोपीचा वकील. तेंडुलकरांनीच लिहिलेल्या, जब्बार पटेलांच्या मराठी ‘सामना’मध्येही तेच घडतं. साखरसम्राटाच्या राज्यात शिरलेला दारुडा म्हातारा मास्तर बेपत्ता मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो आणि त्या एका प्रश्नावर सगळा चित्रपट पुढे सरकतो. ‘मंथन’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो या रचनेचा मान होता.

आता विदर्भाकडे येऊ. शेतकरी आत्महत्यांवर लिहायचं म्हटलं की भाषण अटळ होतं. आकडे, सावकार, सरकार, मग रडणं. विदर्भातल्या कापूसपट्ट्यावरच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (2009) सतीश मनवर यांनी तो रस्ता टाळला. शेजारचा शेतकरी जीव देतो, आणि अलकाला धास्ती बसते की आपला नवरा किसना त्याच वाटेनं जाईल. ती त्याला गोडधोड करून घालते, पोराला त्याच्या मागावर ठेवते. आपल्यावर पहारा आहे हे किसनाला ठाऊक नाही, प्रेक्षकाला आहे. एवढ्या एका फरकामुळे त्याचं साधं शेताकडे निघणंही धडकी भरवतं, आणि पहाऱ्यात विनोदही शिरतो. वऱ्हाडी बोली तिथे अस्सल आहे, पण ती या रचनेच्या जिवावर उभी आहे. नुसती बोली चिकटवली की काय होतं, ते मालिकांमधल्या गावाकडच्या गड्यांच्या तोंडी आपण रोज ऐकतो.

कुणी म्हणेल, मनवर स्वतःच दिग्दर्शक. मग श्रेय पटकथेचं कसं? एकाच माणसानं दोन कामं केली म्हणून ती एक होत नाहीत. पहाऱ्याची कल्पना कॅमेरा लावण्याआधीच ठरलेली असावी लागते, ती संकलनात सापडत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दैनंदिन मालिकेत पटकथा आणि संवाद वेगवेगळ्या माणसांकडे असतात, म्हणजे मधल्या कामाला स्वतंत्र मान मिळतो. तरी माल पातळ का? कारण तिथे गुपित पात्रांच्या स्वभावातून टिकत नाही. भाग संपवायचा आहे म्हणून दार वाजतं, फोन येतो, आणि बोलणारी सून गप्प होते. अलका गप्प राहते, कारण तिनं तोंड उघडलं तर भीती खरी होईल. मालिकेच्या लेखकाला हे कळत नाही असं मुळीच नाही. पण आज लिहिलेलं उद्या चित्रित होणार असेल, तर सुनेच्या गप्प राहण्याला कारण शोधायला त्याला सवड कुठून मिळणार?