वापरणाऱ्यांनी दिलेली जाहिरात

फायरफॉक्स ब्राउझरची १.० आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी आली. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर तेव्हा विंडोजसोबतच मिळे. दुसरा ब्राउझर असू शकतो, हेच अनेकांच्या गावी नव्हतं. फायरफॉक्स बनवणारी मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था. मायक्रोसॉफ्टच्या तोडीचा जाहिरातखर्च तिला परवडणारा नव्हता. मग ‘स्प्रेड फायरफॉक्स’ मोहिमेत चाहत्यांनीच वर्गणी काढली. सुमारे १०,००० जणांनी मिळून अडीच लाख डॉलर उभे केले आणि १६ डिसेंबर २००४च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दोन पानी जाहिरात झळकली. तीत हजारो देणगीदारांची नावं बारीक टायपात छापली होती. फायरफॉक्ससारखं ओपन सोर्स (सर्वांसाठी खुल्या कोडचं) सॉफ्टवेअर म्हणजे हौशी पोरांचा फुकटचा उद्योग, हा समज खोडायला याहून चोख पुरावा नसावा: माणसं पदरचे पैसे घालून, नावानिशी पाठीशी उभी राहिली होती. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात विद्यार्थ्यांनी ओटचं पीक आडवं करून शेतात फायरफॉक्सचं भलंमोठं बोधचिन्ह उमटवलं. जून २००८ मध्ये ३.० आवृत्ती २४ तासांत ८०,०२,५३० वेळा डाउनलोड झाली. गिनेस बुकात या विक्रमाची नोंद झाली.