पायाची बोटे वाकडी का होतात?

पायाची लहान बोटे वाकली की आपण नशिबाला दोष देतो. ते योग्य नव्हे. आखूड, निमुळत्या जोड्यात बोटे दुमडून राहतात, वर घट्टे पडतात. कुष्ठरोगात मात्र आतल्या घोट्यामागची नस दुखावते, तळव्याचे लहान स्नायू दुबळे होतात, बोटे आकड्यासारखी वळतात व बधिर टोकांना नकळत जखमा होतात. अशा रुग्णांसाठीच डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला ‘तपोवन’ उभारले.

बोट हाताने सरळ होत असेल, तर रुंद, मऊ जोडा व नियमित व्यायाम बहुधा पुरतो. ताठरल्यास शस्त्रक्रिया लागू शकते. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. विद्यार्थी बंधू-भगिनींनो, रोज पाय धुताना बोटे पाहा. बधिरपणा वाटल्यास लाजू नका, लगेच तपासून घ्या.