सर्वांत वेगवान कोअर कोणता, हे संगणकाला सांगायचे कोणी?

ऑक्टोबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज ११’ ही प्रणाली बाजारात आली आणि लगोलग एएमडी या प्रोसेसर बनविणाऱ्या कंपनीला एक अवघड कबुली द्यावी लागली. कंपनीचे ‘रायझन’ प्रोसेसर असलेल्या संगणकांवर नवी प्रणाली चढविली, की काही कामे पूर्वीपेक्षा मंदावत होती. प्रोसेसर तोच, मेमरी तीच. तरीही बहुतेक बाधित प्रोग्रॅम्समध्ये तीन ते पाच टक्के आणि काही स्पर्धात्मक खेळांमध्ये दहा ते पंधरा टक्के घट दिसू शकते, असे कंपनीनेच सांगितले.

दोष दोन होते. प्रोसेसरमधील ‘एल-३’ या कॅश मेमरीपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ सुमारे तिप्पट होत होता, हा पहिला. दुसरा दोष मात्र अधिक विचार करायला लावणारा आहे. आपला सर्वांत वेगवान कोअर कोणता, ही माहिती प्रोसेसर देत होता. परंतु विंडोज त्यानुसार काम सोपवीत नव्हती. ज्यांनी आठपेक्षा अधिक कोअरचे, ६५ वॉटहून जास्त क्षमतेचे महागडे प्रोसेसर घेतले होते, त्यांनाच हा दोष अधिक जाणवण्याजोगा होता. त्याच महिन्याच्या २१ तारखेस मायक्रोसॉफ्टने पहिल्या दोषावर अपडेट दिला आणि एएमडीने दुसऱ्यासाठी चिपसेटचे नवे ड्रायव्हर उपलब्ध केले. म्हणजे दुखणे सिलिकॉनचे नव्हते, निरोप्याचे होते!

एकाच चिपवरील सोळा कोअर सारखेच असतात, असे आपण गृहीत धरतो. आराखडा सारखा असतो हे खरे. पण चिप घडविताना अतिसूक्ष्म फरक राहतातच. त्यामुळे एखादा कोअर कमी व्होल्टेजवरही उच्च गती गाठतो, तर शेजारच्याला तीच गती गाठताना धाप लागते. कारखान्यातील तपासणीत हे फरक मोजले जातात आणि त्यांची नोंद चिपमध्येच ठेवली जाते. खोक्यावर छापलेला मोठा आकडा अशा निवडक कोअरच्या भरवशावर असतो. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘रायझन ९ ५९५० एक्स’चे उदाहरण घ्या. मूळ गती ३.४ गिगाहर्ट्झ, कमाल गती ४.९ गिगाहर्ट्झ. ही कमाल गती सोळाही कोअर एकदम गाठत नाहीत. थोडेच कोअर कामात असताना, विजेची आणि तापमानाची मर्यादा सांभाळून ती गाठली जाते.

मर्यादा एवढी कडक का? चिपचा विजेचा खर्च ढोबळमानाने गतीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. गती वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते. उलट दिशेने पाहिले तर गंमत कळते : दोन्ही वीस टक्क्यांनी उतरविले, तर खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. लॅपटॉपची बॅटरी दिवसभर पुरते ती या गणितामुळेच. इंटेलने जानेवारी २००० मध्ये ‘स्पीडस्टेप’ आणले ते लॅपटॉपसाठीच, आणि एएमडीचे ‘पॉवरनाऊ’ही त्याच वर्षीचे.

तेव्हापासून एक प्रश्न कायम आहे. गती केव्हा चढवायची आणि केव्हा उतरवायची, हे ठरविणार कोण? लिनक्स प्रणालीत हे काम दोघांत वाटलेले आहे. ‘गव्हर्नर’ निर्णय घेतो आणि ‘ड्रायव्हर’ तो प्रोसेसरला समजेल अशा भाषेत पोहोचवितो. ‘ऑनडिमांड’ हा जुना गव्हर्नर ठरावीक काळाने कोअर किती टक्के व्यग्र आहे ते पाही आणि मर्यादा ओलांडली गेली, की गती एकदम कमाल करी. कामाची वाटणी करणाऱ्या शेड्युलरशी त्याचा संवाद जवळजवळ नव्हता. मुकादम एका मजुराला काम सांगतो आहे आणि हजेरी घेणारा भलत्याच वहीत डोकावतो आहे, असा तो प्रकार. २०१६ मध्ये लिनक्सच्या ४.७ आवृत्तीत ‘शेडयुटिल’ आला, तेव्हा ही भिंत पडली. शेड्युलरकडे असलेला कामाचा अंदाज तो थेट वापरतो आणि गती ठरविताना पंचवीस टक्के जादा वाव ठेवतो. कोअरच्या ऐंशी टक्के क्षमतेएवढे काम असले, की मागणी कमाल गतीची होते.

दरम्यान, निर्णयाचा मोठा भाग प्रोसेसरनेच आपल्याकडे घेतला. इंटेलच्या २०१५ च्या ‘स्कायलेक’ पिढीपासून प्रणाली केवळ कल सांगते, ० म्हणजे कामगिरीला प्राधान्य आणि २५५ म्हणजे बचतीला. नेमकी गती प्रोसेसर स्वतः निवडतो. येथे नावांचा एक घोळ सांगितलाच पाहिजे. लिनक्समधील सर्वसाधारण ‘पॉवरसेव्ह’ गव्हर्नर गती तळाशी बांधून ठेवतो. मात्र ‘इंटेल पी-स्टेट’ ड्रायव्हरच्या स्वतःच्या पद्धतीतील ‘पॉवरसेव्ह’ गरजेप्रमाणे कमाल गतीपर्यंत जातो. नाव पाहून घाबरलेले अनेक जण तो बदलून ‘परफॉर्मन्स’ लावतात आणि मग पंखा का घोंघावतो म्हणून तक्रार करतात. नाव ठेवणाऱ्यांनी थोडा विचार करायला हवा होता.

आता पुन्हा उत्तम कोअरकडे वळू. गती चढविणे हे अर्धेच काम झाले. योग्य काम योग्य कोअरवर पडणे, हे उरलेले अर्धे. इंटेलने २०१६ मध्ये ‘टर्बो बूस्ट मॅक्स ३.०’ आणले आणि लिनक्सने पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१७ मधील ४.१० आवृत्तीत, वेगवान कोअरला अग्रक्रम देण्याची सोय केली. एएमडीच्या ग्राहकांना मात्र फार वाट पाहावी लागली. कोअरची क्षमता ० ते २५५ अशा अंकांत प्रणालीला कळविण्याची ‘सीपीपीसी’ ही सर्वमान्य पद्धत उपलब्ध होती. २०१९ मध्ये विंडोज १० च्या मे महिन्यातील अपडेटने तिच्या सुधारित रूपाचा लाभ घेतला. गती बदलायला पूर्वी सुमारे ३० मिलिसेकंद लागत, ते काम एक-दोन मिलिसेकंदांवर आल्याचे एएमडीने सांगितले. लिनक्सवर तोच प्रोसेसर जुन्या ड्रायव्हरच्या हाती होता आणि त्या ड्रायव्हरला जेमतेम तीन पायऱ्या ठाऊक होत्या. ‘एएमडी पी-स्टेट’ हा नवा ड्रायव्हर मार्च २०२२ मध्ये ५.१७ आवृत्तीत आला. उत्तम कोअरची क्रमवारी शेड्युलरला सांगण्याची सोय तर मे २०२४ मधील ६.९ आवृत्तीत आली. इंटेलच्या सोयीनंतर तब्बल सात वर्षांनी! सर्व्हरच्या बाजारात नाव कमावलेल्या कंपनीने एवढा उशीर का लावावा, हे प्रस्तुत प्रतिनिधीला न उलगडलेले कोडे आहे.

शिवाय ‘सर्वांत वेगवान’ या शब्दांचा अर्थही आता सरळ राहिलेला नाही. मोबाइलच्या चिपमध्ये थोर आणि लहान असे दोन प्रकारचे कोअर एकत्र नांदतात. ‘आर्म’ने ही रचना २०११ मध्ये जाहीर केली. तेथे शेड्युलर वेगाबरोबर विजेचाही हिशेब करतो आणि पुरेसा असेल तर लहान कोअरच निवडतो. इंटेलनेही नोव्हेंबर २०२१ मधील ‘अल्डर लेक’मध्ये हीच वाट धरली. सर्वांत मासलेवाईक उदाहरण मात्र फेब्रुवारी २०२३ मधील ‘रायझन ९ ७९५० एक्स ३ डी’चे. त्याच्या सोळा कोअरचे दोन गट आहेत. एका गटाजवळ ९६ मेगाबाइट एल-३ कॅश आहे, पण गती कमी. दुसऱ्याजवळ ३२ मेगाबाइट, पण गती अधिक. बहुतेक खेळांना कॅश हवी असते, इतर बऱ्याच कामांना गती. म्हणून विंडोजवर खेळ सुरू झाल्याचे ओळखून कामे पहिल्या गटाकडे वळविणारा वेगळा ड्रायव्हर द्यावा लागला. तो नसेल किंवा खेळ ओळखला गेला नाही, तर जास्तीच्या कॅशसाठी मोजलेले पैसे बव्हंशी वाया जातात.

आपल्या संगणकाबाबत शंका असल्यास प्रोसेसर बदलण्याआधी तीन ठिकाणी पाहावे. चिपसेटचे ड्रायव्हर आणि बायॉस उत्पादकाच्या ताज्या आवृत्तीचे आहेत का. रायझन असल्यास बायॉसमध्ये ‘सीपीपीसी’ व ‘प्रिफर्ड कोअर्स’ हे पर्याय बंद तर नाहीत ना. आणि विजेची योजना बचतीवर अडकून पडलेली नाही ना. लिनक्स वापरणाऱ्यांनी गतीचा कारभार कोणता ड्रायव्हर पाहतो आहे, तेही तपासावे. त्यानंतर एकाच थ्रेडवर चालणारे एखादे जड काम लावून टास्क मॅनेजरसारख्या साधनात प्रत्येक कोअरचा आलेख पाहावा. काम अधूनमधून दुसरीकडे सरकते, त्यात वावगे काही नाही. पण ते बहुतांश वेळ त्याच एक-दोन कोअरवर दिसले, तर निरोप पोहोचतो आहे असे समजावे.